चौघांचं बजेट, तीन जुन्या राजधान्या: ठाण्याहून प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

या सहलीत पैसे वाचतात ते निघण्याआधी, ठाण्यात किंवा वाशीत बसून. तिकडे गेल्यावर एखादं जेवण स्वस्तात उरकलं तर चार-पाचशे रुपये वाचतील. शहरं चुकीची निवडली, महिना चुकला किंवा रेल्वेचं तिकीट उशिरा काढलं, तर मात्र माणशी वीस-तीस हजार सहज जातात. म्हणून इथे घरी करायच्या कामांवर जास्त लिहिलं आहे.

शहरं कोणती, आणि हीच का

दहा दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम हा टूर कंपन्यांचा नकाशा. स्वतःच्या जिवावर फिरताना तो परवडत नाही, कारण अंतरं मोठी आणि प्रत्येक मुक्काम महाग. पहिल्यांदा जाणाऱ्या मित्रमंडळींनी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट करावं. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने साधारण चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट दोन तास चाळीस मिनिटं. मधे विमान लागत नाही, रात्र प्रवासात जात नाही.

दुसरं कारण इतिहासाचं. ही तिन्ही शहरं १९१८ पर्यंत हाब्सबर्ग घराण्याच्या एकाच साम्राज्यात होती. त्यामुळे प्रागमध्ये ऐकलेली नावं व्हिएन्नात पुन्हा भेटतात आणि बुडापेस्टमध्ये त्याच गोष्टीची दुसरी बाजू कळते. आपल्या सनावळीशी सांगड घालून पाहा: ऑटोमन (तुर्की) फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला १६८३ मध्ये, इकडे तेव्हा संभाजी महाराजांची कारकीर्द चालू होती. बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा टेकडीकडचा भाग, ऑटोमनांच्या हातून सुटला १६८६ मध्ये. एवढं ठाऊक असलं तरी बुडाच्या टेकडीवर उभं राहून आपण काय पाहतोय ते समजतं.

मुक्काम प्राग ३ रात्री, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ४. व्हिएन्ना तिघांत सर्वात महाग, बुडापेस्ट स्वस्त, म्हणून जास्तीची रात्र तिथे. या एका रात्रीचा व्हिसाशीही संबंध आहे, तो पुढे येईल. विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून काढा: मुंबई ते प्राग आणि बुडापेस्ट ते मुंबई, एकाच तिकिटावर. प्रागचं जाऊन-येऊन तिकीट थोडं स्वस्त दिसतं, पण शेवटी बुडापेस्टहून उलट यायला अख्खा दिवस आणि रेल्वेभाडं जातं. दोन्ही शहरांना आखाती देशांतून किंवा इस्तंबूलहून जोडविमानं आहेत. तिकीट काढताना विमानतळाचा कोडही बघा. मुंबईचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. ऐरोली-वाशीकरांनी तर दोनदा बघावा.

माणसं चार असावीत. चार खाटांची खोली पूर्ण भरते, एका टॅक्सीत सगळे मावतात, रेल्वेत टेबलाभोवतीच्या चार जागा मिळतात. पाचवा मित्र आला की दोन खोल्या, दोन टॅक्सी. जाणार असाल तर चौघे जा, नाहीतर सहा. पाच हा आकडा सगळ्यात महाग.

महिना

एप्रिलचा मध्य ते मेअखेर आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हा उत्तम काळ. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. ऑक्टोबरच्या शेवटी जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आत-बाहेर अंधार पडू लागतो. शिवाय २३ ऑक्टोबर हंगेरीची, २६ ऑक्टोबर ऑस्ट्रियाची आणि २८ ऑक्टोबर चेक देशाची राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी मोठी दुकानं बंद असतात, खाण्याचं सामान आदल्या दिवशी आणून ठेवावं लागतं. मे महिन्यात १ तारखेला तिन्ही देशांत सुट्टी, ८ तारखेला चेक देशात.

व्हिसाची फाइल

शेंगेन व्हिसाची, म्हणजे या तिन्ही देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची, फी प्रौढांना ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय साधारण १५ दिवसांत लागतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे महिन्याच्या सहलीसाठी अपॉइंटमेंटची खटपट जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा. मार्चनंतर मुंबईच्या केंद्रांवर सुट्टीवाल्यांची झुंबड असते.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हा पहिला गोंधळ. जिथे सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस समान असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार, तिथे. वरच्या आखणीत बुडापेस्टला एक रात्र जास्त असल्याने अर्ज हंगेरीकडे जातो आणि त्यात वादाला जागा राहत नाही. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून भलत्या देशाकडे अर्ज करून मग मुक्काम फिरवणं, हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. नकार आला तर त्याची नोंद व्हिसा यंत्रणेत राहते.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला. मुदत कमी उरली असेल तर नूतनीकरण आधी उरका. ठाणेकरांचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्येच आहे. बाकी फाइलमध्ये भरलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, विमानाचं आरक्षण, दिवसवार आखणी, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा. नेमकी यादी केंद्राच्या संकेतस्थळावरून छापून घ्या आणि त्याच क्रमाने कागद लावा.

मित्रांच्या गटात फाइल कुठे अडकते तेही सांगायला हवं. खोली एकाच्या नावाने बुक होते आणि उरलेल्या तिघांच्या फाइलमध्ये त्याच पावतीची झेरॉक्स जाते. त्या पावतीवर बाकीच्यांची नावंच नसतात. कागदावर हे तिघे राहणार कुठे, याचा पुरावा नाही. बुकिंग करतानाच चारही पाहुण्यांची पूर्ण नावं घालायला सांगा. वेबसाइटवर सोय नसेल तर हॉस्टेलला ईमेल करून नावांसह पुष्टीपत्र मागवा. ते साधारणपणे देतात.

नावांचा दुसरा घोळ खास आपल्याकडचा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. विमानाच्या तिकिटावर काही जण मधलं नाव गाळतात, लग्नानंतर काहींचं आडनाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असतं. नियम एकच: तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे पासपोर्टमध्ये जसं छापलंय तसं. ‘गिव्हन नेम’मधलं सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात टाका.

तारखांची चूकही नेहमीची. विमान १० तारखेच्या पहाटे दोनला असेल तर घरातून ९ तारखेच्या रात्री निघायचं असतं. रजेचं पत्र, विमा आणि आखणी यांत एका दिवसाचा फरक पडतो तो इथेच. आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून दोन लाख खात्यात वळते करून घेऊ नका. एकदम आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये उठून दिसते. सहा महिने हळूहळू साठलेली शिल्लक चांगली. घरचं कोणी खर्च करणार असेल तर त्यांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट सरळ जोडा.

व्हिसा हातात आला की तारखा, दिवसांची संख्या आणि प्रवेश किती वेळा ते तिथेच वाचा. चूक असेल तर दुरुस्ती तेव्हाच करून घेणं सोपं.

खर्चाचा अंदाज आणि पैशांची ने-आण

हिशोबाला एक युरो ११० रुपये धरा, म्हणजे दर हलला तरी धक्का बसत नाही. विमान वेळेत काढलं तर माणशी ५५ ते ६५ हजार. व्हिसा आणि विमा मिळून १४ हजारांच्या आसपास. मुक्काम १० रात्रींचे ३०० ते ३५० युरो, खाणं रोज २० युरोप्रमाणे २२०, शहरांमधली रेल्वे ६० ते ८०, शहरातला प्रवास ५० ते ६०, प्रवेशशुल्क १०० ते १२०. जमिनीवरचा खर्च ८०० युरोच्या घरात, म्हणजे सुमारे ९० हजार. एकूण माणशी एक लाख ६० ते ७० हजार, आणि वर १० हजार राखीव. दीड लाखाच्या आत बसवायला गेलात तर रोजच्या रोज मन मारावं लागेल. तसं करण्यापेक्षा चार महिने उशिरा जा.

चलनं तीन आहेत: चेक कोरुना, ऑस्ट्रियात युरो, हंगेरीत फोरिंट. ठाण्याहून फक्त युरो न्या, माणशी १५० ते २०० रोख, बाकी कार्डवर. कार्ड दोन प्रकारची असू द्या, फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) आणि परकीय चलन शुल्क नसलेलं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड. आपली कार्डं मुळात देशांतर्गत वापरापुरती चालू असतात. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर स्वतः चालू करावा लागतो, आणि एटीएम, दुकान, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. तिन्ही तपासा. ओटीपीसाठी भारतीय सिम फोनमध्येच ठेवा आणि रोमिंगवर एसएमएस येतात ना ते बघा. इंटरनेटसाठी युरोपभर चालणारं ई-सिम पुरतं.

सर्वात जास्त पैसे गळतात ते एका बटणावर. कार्ड घातलं की मशीन विचारतं, रुपयांत कापू की कोरुनात? रुपये दिसले की हायसं वाटतं, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि तो नेहमी महाग. दरवेळी तिथलं चलन निवडा. पैसे बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधूनच काढा. प्रागच्या जुन्या चौकाजवळ रस्त्यात नोटा बदलून देणाऱ्या माणसाशी बोलूही नका. चालत नसलेल्या नोटा हातात टेकवण्याचा तो जुना धंदा आहे. अधिकृत दुकानात वाईट दर पदरात पडला तर चेक कायद्याप्रमाणे १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पावती मात्र हवी.

आपसांतला हिशोब टीटीएमएम ठेवू नका, चारचौघांत रोज वाद होतात. प्रत्येक शहरात पोचताच माणशी ६० युरोची कॉन्ट्री एकाच्या हाती द्या. तिकिटं, किराणा, टॅक्सी त्यातून. खरेदी आणि बिअर ज्याची त्याने.

रेल्वे

रेल्वेचं भाडं विमानासारखं चढत जातं. स्वस्त तिकिटांचा कोटा ठरलेला असतो. तो संपला की तोच डबा, तीच जागा दुप्पट-तिप्पट भावाने. चेक रेल्वे, रेजिओजेट आणि ऑस्ट्रियाची ओबीबी यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर तिकिटं काढा. व्हिसा हाती आल्या आल्या पहिलं काम हेच, कारण स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत आणि व्हिसाआधी काढणं म्हणजे जुगार. जागेचं आरक्षण ओबीबीत वेगळं घ्यावं लागतं, तीन-चार युरोंसाठी कंजूषी नको. अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा युरेल पास या मार्गावर घेऊ नये, दोनच लांब प्रवासांत तो वसूल होत नाही.

पाट्यांवरची नावं पाठ करा. प्राग म्हणजे ‘प्राहा’. व्हिएन्ना जर्मनमध्ये ‘वीन’, चेकमध्ये ‘व्हिडेन्य’ आणि हंगेरियनमध्ये ‘बेच’. बुडापेस्टचं स्टेशन ‘केलेती’. फलाट उशिरा जाहीर होतो, म्हणून गाडीचा क्रमांक लक्षात ठेवा. शेंगेनमध्ये सीमा नसली तरी गाडीत तपासणी होऊ शकते, पासपोर्ट अंगावर असू द्या.

तिन्ही शहरांच्या मेट्रोत आपल्या लोकलसारखीच फाटकं नाहीत, टीसी मात्र आहेत. कागदी तिकिटावर शिक्का नसेल तर ते बिनतिकीटच धरलं जातं. पहिल्या वापरावेळी फलाटाआधीच्या किंवा ट्राममधल्या छोट्या पेटीत ते एकदा घाला. जिथे २४ किंवा ७२ तासांचा पास मिळतो तिथे तो सुरू केल्याच्या मिनिटापासून वेळ मोजली जाते, म्हणून संध्याकाळी पोचलात तर पासही संध्याकाळी सुरू करा, तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ त्यातच येते.

मुक्काम आणि स्वयंपाक

हॉस्टेलमधली चार खाटांची खासगी खोली किंवा स्वयंपाकघर असलेलं छोटं अपार्टमेंट. जागा मध्यवर्ती चौकात नको, मेट्रोला लागून तीन-चार स्थानकं बाहेर: प्रागमध्ये झिझ्कोव्ह किंवा कार्लीन, व्हिएन्नात मुख्य स्टेशनची मागची बाजू, बुडापेस्टमध्ये आठवा जिल्हा. सातव्या जिल्ह्यात मद्यालयं आहेत, रात्री झोप लागत नाही. प्रागमध्ये माणशी दर रात्री ५० कोरुना शहर कर वेगळा घेतात. लिफ्ट आहे का हे आधी विचारा.

स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी इंडक्शन असतं, ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. घरून भांडी नेऊच नका. पोहे, उपम्याचं कोरडं मिश्रण, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थेपले, चहाचा मसाला एवढं पुरे. तांदूळ, अंडी, भाजी, दही लिडल, बिला, पेनीसारख्या दुकानांत मिळतं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे: तूप, पेढे, मिल्क पावडर, सगळं यात धरून घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच सूट. मे महिन्यात तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपल्याच विमानतळावर बॅगेतून काढायला लावतात.

एक जेवण घरी, एक बाहेर असं गणित ठेवा. बाहेरचं जेवण दुपारी घ्या. प्रागमध्ये कामाच्या दिवशी अकरा ते दोन ‘देन्नी मेनू’, व्हिएन्नात ‘मिट्टाग्समेनू’ असतो, सूप आणि मुख्य पदार्थ रात्रीच्या भावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत. व्हिएन्नात रविवारी सुपरमार्केट बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. शाकाहाऱ्यांनी प्रागमध्ये तळलेलं चीज ‘स्माझेनी सीर’ आणि बुडापेस्टमध्ये भटुऱ्यासारखी तळलेली ‘लांगोश’ खावी. भाजीचं सूप म्हणून दिलेल्यात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. चेकमध्ये ‘बेझ मासा’ म्हणजे बिनमांसाचं; त्यांचा ‘मासो’ आणि आपलं ‘मांस’ एकाच मुळातले शब्द, म्हणून हा सहज लक्षात राहतो. जर्मनमध्ये ‘ओने फ्लाइश’.

पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नाला १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळातून येतं, बाटली कुठेही भरा. बाकी दोन शहरांतही नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

फुकट काय, तिकीट कशाला

प्रागच्या किल्ल्याची आवारं फुकट, आतल्या इमारतींना तिकीट. चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ मध्ये सुरू झालं, तो सकाळी सहाला बघा. नऊनंतर तिथे फक्त गर्दी आणि खिसेकापू. बावीस नंबरच्या ट्राममध्येही खिसा सांभाळा. व्हिशेहरादची टेकडी फुकट आणि बरीच शांत.

व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्याची बाग आणि टेकडी फुकट, राजवाड्याचं वेळ नेमलेलं तिकीट आधी ऑनलाइन. ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी विकतात, काही युरोंत. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जा, बेथोव्हेन आणि शुबर्ट तिथे जवळजवळ विसावले आहेत. विमानतळाकडे जाण्याची वेळ कधी आलीच तर एस-७ लोकल घ्या, खास विमानतळ गाडी कितीतरी महाग आहे.

बुडापेस्टची संसद आतून बघायलाच हवी. तिकीट दोन-तीन आठवडे आधी काढा, दारावर मिळेल या भरवशावर राहू नका. युरोपीय नागरिकांना सवलत असते, आपल्याला पूर्ण दर. बुडाच्या टेकडीवरच्या फिशरमन्स बॅस्टियनचे खालचे सज्जे फुकट आहेत आणि डॅन्यूब तिथूनही तसाच दिसतो. दोन नंबरची ट्राम नदीकाठाने संसदेपर्यंत जाते, पासात बसते. एक नंबरची मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वात जुनी. सेचेनी स्नानगृहात जाताना टॉवेल, चपला आणि पोहण्याचे कपडे स्वतःचे न्या.

बॅग आणि पाय

या शहरांचे जुने रस्ते दगडी आहेत, छोट्या चाकांच्या बॅगा तिथे मोडतात. माणशी दहा-बारा किलोची एक पाठीवरची सॅक पुरते. भरून झाली की ती घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना एका दमात चढून बघा. दम लागला तर दोन किलो काढा. रोज १५ ते २० हजार पावलं पडतात, म्हणून बूट नवे नकोत. महिनाभर आधी येऊर किंवा पारसिकच्या टेकडीवर घालून फिरा. आपली तीन गोल पिनांची प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसत नाही. एक अॅडॉप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड चौघांना पुरतो.

परतीचा दिवस

बुडापेस्ट विमानतळाची थेट बस १००-ई. तिला साधं तिकीट चालत नाही, खास तिकीट आधी काढावं लागतं. साधं तिकीट चालतं ते २००-ई बसला, तीही मेट्रोच्या शेवटच्या स्थानकापासून. विमानाच्या तीन तास आधी पोचा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची नवी पद्धत आली आहे, रांगा लांबतात. शिल्लक फोरिंट शहरातच खर्च करा, पाप्रिकाची पुडी घ्या, तिकीट मशीनमध्ये नाणी संपवा. ठाण्याच्या बाजारात ते बदलून घ्यायला गेलात तर भाव पडेल किंवा घेणारच नाहीत.